सहा तासांची चावी : ई-इन्व्हॉइसच्या एपीआयशी नीट बोलायचं तर

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर आहे. अशोक लेलँडचा सर्वांत जुना कारखाना इथलाच. कंपनी १९४८ साली अशोक मोटर्स या नावाने सुरू झाली. तिथून आणखी उत्तरेला कामराजर बंदर. २००१ साली कोळशाच्या आवकीसाठी सुरू झालेलं हे देशातलं बारावं मोठं बंदर, आता तिथून मोटारींची निर्यातही होते. या पट्ट्यात कास्टिंगपासून गिअरपर्यंत सुटा माल देशभरातून येतो. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीतून कास्टिंग भरून ट्रक निघाला. कोगनोळी नाका ओलांडून बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत हजाराच्या आसपास किलोमीटर अंतर कापून तो एन्नोरला पोचणार. मालाची किंमत पन्नास हजारांवर असली की ई-वे बिल हवंच, आणि फाउंड्रीची उलाढाल पाच कोटींच्या वर असली, तर १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइसही हवं. ही दोन्ही हातात पडेपर्यंत गाडी गेटवरून हलत नाही.

ही कागदपत्रं आता बहुतेक ठिकाणी ईआरपी स्वतःच काढतं. ते सरकारी सर्व्हरशी एपीआयवरून बोलतं, आणि हे बोलणं सेशन कीवर चालतं. ज्याच्या गळ्यात हे इंटिग्रेशन पडलं आहे त्या प्रोग्रामरसाठी हा लेख आहे. मग तो कोल्हापुरातल्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत असो, नाहीतर चेन्नईत नोकरीला गेलेला मराठी मुलगा असो. सेशन की म्हणजे काय हे शिकायला आपल्या देशात रोजच्या वापरातलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जे बिघडतं ते कुठे बिघडतं, तेही इथे स्वच्छ दिसतं.

आधी मुळातला प्रश्न. प्रत्येक विनंतीबरोबर युजरनेम आणि पासवर्ड का पाठवू नये? पाठवता येतो, चालतोही. पण दिवसाला पाचशे बिलं काढायची तर पासवर्ड पाचशे वेळा प्रवास करतो. वाटेतल्या कुठल्याही लॉग फाइलमध्ये तो एकदा उमटला की कायमचा फुटला. सेशन की हा धोका आवरते. पासवर्ड दिवसातून मोजक्या वेळा जातो, त्याच्या बदल्यात अल्पायुषी गुपित मिळतं, आणि पुढचं सगळं काम त्या गुपितावर होतं. ते फुटलं तरी काही तासांत निरुपयोगी होतं. ही कल्पना जुनी आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ साली सेशन की वाटण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातली त्रुटी डेनिंग आणि सॅको यांनी १९८१ साली दाखवली: एखादी जुनी सेशन की कुणाच्या हाती लागली, तर तो तीच पुन्हा खरी म्हणून खपवू शकतो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता वेळेचा शिक्का. चावीवर मुदत असते ती या कारणाने.

आता एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-इन्व्हॉइस एपीआयमध्ये प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. ई-वे बिलाच्या एपीआयची घडणही जवळपास हीच. तुम्ही जीएसटी सुविधा प्रोव्हायडरमार्फत जात असाल, तर यातला काही भाग तो स्वतः सांभाळतो आणि तुमच्या वाट्याला सोपं रूप येतं. तरीही आत काय चाललं आहे ते माहीत असावं, कारण अडचण आली की फोन तुम्हालाच येतो.

लॉगिन करताना तुमचा प्रोग्राम ३२ बाइटांची एक यादृच्छिक चावी तयार करतो. तिला ॲप की म्हणतात. युजरनेम, पासवर्ड आणि बेस-६४मध्ये लिहिलेली ही ॲप की यांचं जेसन बनतं. त्या जेसनचं पुन्हा बेस-६४ होतं आणि ते सगळं एनआयसीच्या पब्लिक कीने आरएसए पद्धतीने एनक्रिप्ट होऊन जातं. हेडरमध्ये क्लायंट आयडी, क्लायंट सीक्रेट आणि जीएसटीआयएन असतात. उत्तरात दोन मोलाच्या गोष्टी येतात: ऑथ टोकन आणि सेक. टोकन उघडं असतं, ते पुढच्या प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये जातं आणि तुम्ही कोण ते सांगतं. सेक म्हणजे सेशन एनक्रिप्शन की. ती तुम्हीच पाठवलेल्या ॲप कीने एईएस-२५६ वापरून कुलूपबंद होऊन येते. ॲप कीने ती उघडायची. मग इन्व्हॉइसचं जेसन तिनेच एनक्रिप्ट करून पाठवायचं आणि आलेलं उत्तरही तिनेच उघडायचं. प्रॉडक्शनमध्ये हे सगळं सहा तास चालतं.

इथे बाइटांच्या लांबीकडे बारकाईने बघा, अर्धा त्रास तिथेच मिटतो. ३२ बाइटांची ॲप की बेस-६४मध्ये ४४ अक्षरांची होते आणि तिच्या शेवटी बरोबरचं एक चिन्ह असतं. सेकही ३२ बाइटांचीच, पण एनक्रिप्ट होताना पॅडिंगचा एक पूर्ण ब्लॉक जोडला जाऊन ती ४८ बाइटांची होते, म्हणजे बेस-६४मध्ये बरोबर ६४ अक्षरं, शेवटी चिन्ह नाही. उघडल्यावर हातात पुन्हा ३२ कच्चे बाइट यायला हवेत. ३२च्या ऐवजी ४४ आले, तर वरचं बेस-६४ सोडवायचं राहिलं आहे. चाळीस, पन्नास असा भलताच आकडा दिसला, तर बहुधा ते बाइट मजकूर समजून यूटीएफ-८च्या स्ट्रिंगमध्ये ओतले गेले आहेत आणि त्यातले काही कायमचे बिघडले आहेत. चावी म्हणजे मजकूर नव्हे. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाइट म्हणूनच हाताळा. स्ट्रिंग फक्त जाण्यायेण्यापुरती.

आरएसएच्या पायरीवरही अशीच एक मर्यादा आहे. २०४८ बिटांच्या कीने पीकेसीएस-१ पॅडिंग वापरून एका वेळी जास्तीत जास्त २४५ बाइट एनक्रिप्ट होतात. बेस-६४ केल्यावर मजकूर एक तृतीयांशाने फुगतो, म्हणून मूळ जेसन १८३ बाइटांच्या आत बसायला हवं. एखाद्याने लांबलचक युजरनेम आणि तीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला, वर जेसन सुबक दिसावं म्हणून स्पेस आणि नव्या ओळी घातल्या, की लॉगिन बंद. बाकी सगळे क्लायंट व्यवस्थित आणि एकच अडलेला, असं दिसलं तर आधी ही लांबी मोजा. जेसन नेहमी सलग, मोकळ्या जागेशिवाय बनवा.

ॲप की कशी बनवता यावरही बरंच अवलंबून आहे. ती कोडमध्ये कायमची लिहून ठेवलेली असते, किंवा तारीख-वेळेवरून काढलेली असते, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. कृपा करून असं करू नका. सेक ज्या कुलपात येते त्याची ही चावी आहे. ती ओळखता आली तर सेक उघडी पडते, आणि सेक उघडली की तुमच्या गिऱ्हाइकाचे दर, माल, खरेदीदार सगळं उघडं. प्रत्येक लॉगिनला ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित जनरेटरमधून नवी ॲप की घ्या. साध्या रँडम फंक्शनने हे काम भागत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. टोकन आणि सेक ही जोडी आहे, आणि ती जोडी म्हणूनच जपायला हवी. माझ्या पाहण्यातल्या इंटिग्रेशनमध्ये जे कोड पहिल्या दिवशी धावतात आणि महिन्याभरात रडवतात, त्यांपैकी बहुतेकांत टोकन एका व्हेरिएबलमध्ये असतं, सेक दुसऱ्यात आणि मुदत तिसऱ्याच टेबलात. लॉगिन पुन्हा झालं की एक बदलतं, दुसरं मागे राहतं. मग टोकन नवं आणि सेक जुनी अशी विनंती जाते, आणि सर्व्हरला तुमचा मजकूर उघडता येत नाही. त्याची चूकही अशा भाषेत परत येते, की माणूस जेसनमधले स्वल्पविराम शोधत बसतो. टोकन, उघडलेली सेक, मुदत, जीएसटीआयएन आणि युजरनेम यांचं एकच ऑब्जेक्ट करा. ते एकदा बनलं की त्यात बदल नाही. नवं लॉगिन म्हणजे पूर्ण नवं ऑब्जेक्ट. शिवाय विनंती ज्या ऑब्जेक्टने पाठवली, उत्तरही त्याच ऑब्जेक्टच्या सेकने उघडा. मधल्या दोन सेकंदांत दुसऱ्या थ्रेडने सेशन बदललेलं असू शकतं.

मुदत संपायच्या आत पुन्हा लॉगिन केलं, तर सर्व्हर चालू टोकनच परत देतो. त्या वेळी आलेली सेक मात्र याच विनंतीतल्या ॲप कीने उघडायची असते, पहिल्या लॉगिनच्या नव्हे. शेवटच्या दहा मिनिटांत फोर्स रिफ्रेशचा पर्याय चालू करून विनंती केली की नवं टोकन मिळतं. त्याच खिडकीत नूतनीकरण करा. साडेपाच तासांपासून दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारण्यात अर्थ नाही, आणि सहा तास उलटून पहिली विनंती फसेपर्यंत थांबण्यातही नाही. नूतनीकरण एकाच ठिकाणी व्हायला हवं. पाच वर्कर चालू असतील आणि पाचही जणांना एकाच क्षणी मुदत संपल्याचं कळलं, तर पाच लॉगिन जातात. एका कुलपाआड एकानेच लॉगिन करावं, बाकीच्यांनी थांबून त्याचंच सेशन वापरावं. एका मशीनवर साधा म्युटेक्स पुरतो. मशीन जास्त असतील तर रेडिसमध्ये कुलूप ठेवा, आणि त्या कुलपालाही मुदत असू द्या. मुदत नसली तर कुलूप धरून बसलेला वर्कर पडल्यावर सगळेच ताटकळतील. जितके जीएसटीआयएन तितकी सेशनं, हेही विसरू नका. कोल्हापूरची फाउंड्री आणि तिचा चेन्नईतला डेपो यांचे जीएसटीआयएन वेगळे असतात, म्हणून त्यांची सेशनंही वेगळी.

आता घड्याळ. या एका कारणाने डिस्पॅचमध्ये जितके तास वाया जातात, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच जात असतील. टोकनची मुदत उत्तरात तारीख-वेळ म्हणून येते. वेळ भारतीय असते आणि तिच्यासोबत टाइम झोन लिहिलेला नसतो. तुमचा सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर. सकाळी नऊला लॉगिन झालं, मुदत दुपारी तीनची आली. यूटीसी धरून वाचणाऱ्या सर्व्हरच्या लेखी ते तीन म्हणजे आपले रात्री साडेआठ. तीन वाजता, ऐन दुसऱ्या पाळीच्या तोंडावर टोकन मरतं, आणि प्रोग्राम साडेपाच तास तेच मेलेलं टोकन पाठवत राहतो. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर वैतागलेले, आणि रात्री साडेआठनंतर सगळं आपोआप सुरळीत, त्यामुळे कारण कुणालाच सापडत नाही. उपाय एका ओळीचा आहे: ती वेळ भारतीय म्हणून स्पष्ट सांगून वाचा, लगेच यूटीसीत बदला आणि आतमध्ये सगळीकडे यूटीसीच वापरा. याहून सुरक्षित म्हणजे लॉगिनच्या क्षणापासून आपल्याच घड्याळाने सहा तास मोजा आणि दोन्हींतली आधीची वेळ धरा.

चुकांचे कोड नीट वाचायला शिका. हा सर्व्हर अनेकदा एचटीटीपीच्या पातळीवर २०० म्हणतो आणि खरी चूक आतल्या स्टेटसमध्ये शून्य म्हणून सांगतो. नुसता बाहेरचा आकडा बघणारा कोड फसलेली बिलं यशस्वी म्हणून नोंदवतो. १००५ म्हणजे टोकन अवैध. तो आला की जुनं सेशन टाका, एकदाच नवं लॉगिन करा आणि तीच विनंती एकदाच पुन्हा पाठवा. पुन्हा १००५ आला तर थांबा आणि माणसाला कळवा. कारण १००५ हा मुदतीपुरता नसतो. हेडरमधला जीएसटीआयएन किंवा युजरनेम त्या टोकनचा नसेल, तरीही तोच येतो. लूपमध्ये कितीही लॉगिन केलीत तरी चुकीचा जीएसटीआयएन बरोबर होणार नाही. पासवर्ड चुकीचा असल्याचं उत्तर आलं, तर मात्र एकही पुनर्प्रयत्न नको. कुणीतरी पोर्टलवर पासवर्ड बदलला आणि ईआरपीला सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तो निस्तरायला माणूसच लागतो.

उत्तरच आलं नाही तर? इन्व्हॉइस पाठवलं आणि कनेक्शन तुटलं. तिकडे नोंद झाली की नाही, कळायला मार्ग नाही. इथे पुष्कळजण घाबरून नव्या क्रमांकाचं इन्व्हॉइस काढतात आणि एकाच मालाची दोन बिलं होतात. तसं करू नका. आयआरएन म्हणजे पुरवठादाराचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांच्यावरून काढलेला ६४ अक्षरांचा हॅश. तोच दस्तऐवज पुन्हा पाठवला तर दुसरा आयआरएन तयार होऊच शकत नाही. २१५० हा कोड येतो, म्हणजे नोंद आधीच झाली आहे, आणि मूळ आयआरएन त्याच उत्तरात असतो. दस्तऐवजाच्या तपशिलावरून आयआरएन मागवायची सोयही आहे. म्हणून २१५० ही चूक न मानता यशाचाच एक प्रकार माना आणि कोडमध्ये तिला तशी जागा द्या.

लॉगबद्दल थोडक्यात पण ठामपणे. टोकन, सेक, ॲप की, पासवर्ड, क्लायंट सीक्रेट यांतलं काहीही लॉगमध्ये जाता कामा नये. कुठलं सेशन वापरलं हे शोधायला टोकनच्या हॅशची पहिली आठ अक्षरं पुरतात. क्लायंट सीक्रेट सोर्स कोडच्या रिपॉझिटरीत तर मुळीच नको.

आता स्वतःचा एपीआय बांधणाऱ्यांसाठी. समजा, एन्नोरला जाणाऱ्या गाड्यांचा ठावठिकाणा दाखवणारी सेवा एखादी ट्रान्सपोर्ट कंपनी तुमच्याकडून करून घेते आहे. एनआयसीची रचना जशीच्या तशी उचलू नका. ती लाखो वेगवेगळ्या ईआरपींना आणि जुन्या लायब्ररींना जमावी अशी आहे. तिच्यात एईएस ईसीबी पद्धतीने वापरलेलं आहे, ज्यात सारखा ब्लॉक सारखाच एनक्रिप्ट होतो. शिवाय आरएसएसोबत तेच जुनं पीकेसीएस-१ पॅडिंग आहे, ज्याच्यावरचा हल्ला ब्लायखेनबाखर यांनी १९९८ सालीच दाखवला. बाहेर टीएलएस असल्यामुळे तिथे ते निभावून जातं. तुमच्या नव्या कामात असं काही वापरायची गरज नाही. बहुतेक एपीआयना टीएलएस आणि चांगलं टोकन एवढंच पुरतं. मजकूर वेगळा एनक्रिप्ट करायचाच असेल तर जीसीएम वापरा. त्यात मजकुराला कुणी हात लावला तर कळतं. आधारच्या ऑथेंटिकेशन एपीआयमध्ये सेशन कीसोबत जीसीएमच वापरतात, आणि तिथे सेशन की प्रत्येक व्यवहाराला नवी असते.

टोकन म्हणून सुरक्षित जनरेटरमधले किमान १६ बाइट घ्या, ३२ असले तर उत्तमच. डेटाबेसमध्ये टोकन न ठेवता त्याचा हॅश ठेवा, म्हणजे डेटाबेस चोरीला गेला तरी चालू सेशनं चोराच्या हाती पडत नाहीत. टोकन ऑथरायझेशन हेडरमध्ये जाऊ द्या, पत्त्यात कधीही नको, कारण पत्ते प्रत्येक प्रॉक्सीच्या लॉगमध्ये उमटतात. मुदती दोन ठेवा: काही काळ वापर नसला तर संपणारी, आणि वापर असो-नसो ठरल्या वेळी संपणारी. आणि सेशन ताबडतोब रद्द करायची सोय पहिल्या दिवसापासून असू द्या. ड्रायव्हरचा फोन तुमकूरच्या ढाब्यावर हरवला, तर त्याचं टोकन तुम्हाला त्याच मिनिटाला मारता यायला हवं. सही केलेलं जेडब्ल्यूटी इथे अडचणीचं ठरतं. सर्व्हरकडे नोंद नसल्यामुळे ते मुदतीपर्यंत जिवंतच राहतं. लहान सेवेला मी साधं, नोंद असलेलं टोकनच सुचवेन. डेटाबेसला जाणारी एक जास्तीची क्वेरी ही त्या सोयीसाठी फार स्वस्त किंमत आहे.

आणि मुदतीचा अर्थ क्लायंटला नीट समजावून सांगा. सेशन सहा तासांचं असलं, तरी त्यातून निघालेल्या कामाचं आयुष्य वेगळं असतं. ई-वे बिल साधारणपणे दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालतं. म्हणजे शिरोली ते एन्नोर पाचएक दिवस. टोकन संपल्यावर बिल रद्द होतं असं समजून घाबरलेले डिस्पॅच क्लार्क मी पाहिले आहेत. त्यांच्या स्क्रीनवर 'सेशन संपलं' एवढंच दाखवू नका. आधीचं बिल वैध आहे आणि नव्या कामासाठी प्रोग्राम पुन्हा लॉगिन करतो आहे, हे स्पष्ट मराठीत लिहा.

चाचणी सँडबॉक्समध्ये करा, पण फक्त सरळ वाटेची करू नका. सेशन ऑब्जेक्टमधलं टोकन मुद्दाम खराब करा आणि प्रोग्राम एकदाच लॉगिन करून पुढे जातो का पाहा. सेक तेवढी बदला आणि चूक कुठल्या शब्दांत येते ते लिहून ठेवा. सर्व्हरचा टाइम झोन यूटीसी करून मुदत तपासा. उत्तर येण्याआधी कनेक्शन तोडा आणि तेच इन्व्हॉइस पुन्हा पाठवा. एकाच वेळी दहा वर्कर सोडून लॉगिन किती गेली ते मोजा. एकच गेलेलं असायला हवं. शेवटी प्रोग्राम सात तास सलग चालू ठेवा आणि त्या सगळ्या वेळात दर दहा मिनिटांनी एक इन्व्हॉइस जाऊ द्या, म्हणजे सेशन बदलतानाचा क्षण तुमच्या डोळ्यांसमोर घडेल.